पहिला नंदी, शेवटचा नंदी

माझ्या लग्नाच्या पंगतीत माझ्या सासऱ्यांनी माझ्या वडिलांचा पाणउतारा केला, आणि तोही वरण-बट्टी रंगात आलेली असताना.

कुणीतरी कौतुकानं म्हणालं होतं, "शालिग्राम नानांनी चौदा वर्षांत सहाशे ट्रॅक्टर बनवले." माझे सासरे बन्सीलाल गुरुजी धुळ्याच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांना चूक दुरुस्त केल्याशिवाय घास गिळता येत नाही. ते पंगतीच्या त्या टोकाहून म्हणाले, "बनवले कसले? परदेशातनं खोकी यायची. ती उघडायची, नटबोल्ट आवळायचे आणि वर नंदीची पट्टी ठोकायची."

लोक हसले. नाना मुलीचे बाप, पंगतीत वाढत होते. त्यांनी उरलेली ओळ वाढून पूर्ण केली आणि मग मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले. पाठवणीच्या वेळी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मंजू, तुना घरमा मी पाय ठेवसू ते शेवटला नंदी दारमा उभा करीसनच."

लेकीला निरोप देताना दुसरं काही सुचू नये माणसाला? माझ्या जिभेवर तेव्हा बरंच काही आलं होतं, पण मी नवरी होते.

नंदी हा ट्रॅक्टर. जळगावला त्याचा कारखाना होता, १९६४ ते १९७८. नाना पहिल्या दिवसापासून तिथं फोरमन, आणि कुलूप लागलं त्या दिवशीही तेच फोरमन. माझं लग्न झालं ८५ साली, म्हणजे कारखाना बंद पडून सात वर्षं झाली होती. तरी नानांच्या सदऱ्याच्या खिशात पाना असायचाच.

पुढची जवळजवळ चार वर्षं नाना धुळ्याला यायचे ते एस.टी. स्टँडपर्यंतच. मी मुलीला घेऊन स्टँडवर जायची. नाना कॅन्टीनमध्ये आम्हाला भजी खाऊ घालायचे, नातीला मांडीवर घेऊन बसायचे आणि परतीच्या गाडीनं जळगावला जायचे. माझं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. आबा, म्हणजे माझे सासरे, घरी पेपर वाचत बसलेले असायचे. "तुझे वडील हट्टी आहेत," ते म्हणायचे. मनातल्या मनात मी दोघांनाही एकाच दोरीनं बांधायची.

८८ सालच्या दिवाळीनंतर माझ्या तीन वर्षांच्या मुलीनं कॅन्टीनमध्ये विचारलं, "नाना, तुम्ही इथंच स्टँडवर राहता का?"

नाना हसले, पण हातातलं भजं त्यांना खाववेना. त्याच दिवशी मी ठरवलं, तो शेवटचा नंदी आपणच शोधायचा. दोन म्हाताऱ्यांच्या भरवशावर राहिले असते तर मुलीच्या लग्नालाही नाना स्टँडवरच बसले असते.

मी तसं सांगितल्यावर नाना म्हणाले, "एकला शेवटला नही चालाव. पहिला बी पाह्यजे."

"तो कशाला?"

त्यांनी खिशातला पाना काढून हातात घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "पहिला एकला दाखाडा ते तुना सासरा खरा. शेवटला एकला दाखाडा ते मी खरा. दोन्ही शेजारी उभा करात, तव्हय मधला चौदा वरीस दिसतीन."

म्हणजे आबांच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी ते कुणाला सांगितलं नाही.

मी शिवणक्लास चालवते. मला ट्रॅक्टरमधलं काही कळत नाही, पण जाहिरात देता येते. जळगावच्या पेपरात दिली, 'नंदी ट्रॅक्टर नंबर एक कुणाकडे असल्यास कळवावे.' आठवडाभरात सहा पत्रं आली. सहाही जणांकडे नंबर एक. जामनेरहून एकानं लिहिलं होतं की त्याच्याकडे दोन आहेत, आणि दोन्हींचा नंबर एकच आहे. नशिराबादच्या भंगारवाल्याकडे मी स्वतः गेले. त्याच्या पट्टीवरचा एकचा आकडा इतका ताजा होता की माझ्या बोटाला रंग लागला.

तरी मी आशेनं नानांना तिथं घेऊन गेले. नानांनी पट्टी पाहिली आणि भंगाराच्या ढिगावर बसून पोट धरून हसायला लागले.

"नंबर एक कधी बननाच नही," ते म्हणाले. "आम्हना पहिला ट्रॅक्टर एकशे एक."

झालं होतं असं की कारखान्याचे मालक पिढीजात व्यापारी. ते म्हणाले, नंबर एक म्हटलं की शेतकरी विचारणार, हे अजून शिकताहेत का? शिवाय शुभकार्याला आहेर देतात तो अकराचा, एकावन्नचा, एकशे एकाचा. म्हणून सुरुवातच एकशे एकपासून. गिऱ्हाइकाला वाटायचं, शंभर ट्रॅक्टर आधीच शेतात फिरताहेत.

"हे तुम्ही मला दोन महिन्यांपूर्वी का नाही सांगितलं?"

"तू इचारं नही."

मी त्यांच्याशी जळगावपर्यंत बोलले नाही.

एकशे एक कुणाला दिला, हे सांगायला कागद उरला नव्हता. कारखान्याची दप्तरं रद्दीत गेलेली. नानांना ना नाव आठवत होतं ना गाव. मी वैतागून म्हटलं, मग आठवतं तरी काय? त्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"मांडा व्हतात. खापरवरना. एवढा मोठा की परातना भाईर लोंबेत. वर आंबाना रस. ओटावर बठीसन खात व्हतू अन् समोर पारोळाना किल्ला दिसे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रत्येक नवा नंदी नाना स्वतः पोचवायला जायचे. दोन दिवस राहून मालकाला चालवायला शिकवायचे आणि त्याच्याच घरी जेवायचे. माणसाचं नाव त्यांच्या डोक्यात कधीच टिकलं नाही. जेवण मात्र ते एकही विसरले नव्हते. एरंडोलकडचा एक नंदी म्हणजे केळीच्या पानावरचं भरीत. अमळनेरचा म्हणजे इतकी तिखट शेवभाजी की नाना रात्रभर पाणी पीत बसले होते.

संक्रांतीनंतर आम्ही दोघं पारोळ्याला उतरलो. पुरुषांना काही विचारण्यात अर्थ नव्हता. मी बाजारात भाजी घेणाऱ्या बायकांना विचारलं, "इथं सगळ्यात मोठे मांडे कोण करतं?" तिघींनी एकच नाव सांगितलं, भिकुबाई. चौथीनंही तेच सांगितलं, फक्त नाक मुरडून. मग माझी खात्री पटली.

भिकुबाईंचं घर किल्ल्याच्या अंगालाच होतं. साठीची, ठसठशीत बाई. नानांकडे टक लावून पाहत म्हणाल्या, "तुम्हीच ना ते? सात मांडा खाईसन ट्रॅक्टरवरच झोपी गयथात."

नाना लाजले. माझे वडील लाजलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

गोठ्यात बैलांच्या शेजारी नंदी उभा होता. जुना, पण पुसून ठेवलेला. पंचाईत एकच होती. दर पोळ्याला बैलांना सजवून झालं की भिकुबाई ट्रॅक्टरचीही पूजा करायच्या आणि नंबराच्या पट्टीला शेंदूर लावायच्या. पंचवीस पोळे झाले होते. पट्टीच्या जागी बोटभर जाडीचा शेंदराचा थर होता आणि आकडा त्याच्या आत कुठंतरी.

मी पर्समधून नेलकटर काढलं. भिकुबाईंनी माझा हात धरला. "देवले कोनी खरडस का वं माय?"

मी नेलकटर परत पर्समध्ये टाकलं. नानांनी चपला काढल्या आणि ट्रॅक्टरसमोर मांडी घालून बसले. म्हणाले, "अक्का, तुम्हीच सांगा कसं करवा."

भिकुबाईंनी विचार केला. मारुतीचं कवच उतरवतात तसं उतरवायचं, असं ठरलं. कोमट तेल, मऊ फडकं, आणि आधी नैवेद्य. नैवेद्याला मांडे. त्यांनी पालथं खापर चुलीवर ठेवलं आणि कोपरापर्यंतच्या हातांवर मांडा असा काही फिरवला की मी शिवणक्लासची बाई असूनही मला तेवढं पातळ कापड कुठं पाहिल्याचं आठवेना. रसाचे दिवस नव्हते, म्हणून दुधाबरोबर जेवलो. या खेपेला नानांनी पाच खाल्ले आणि वय झाल्याचं कबूल केलं.

मग भिकुबाईंनी स्वतः तेल लावलं. तासाभरानं थर सुटून त्यांच्या पदरात पडला आणि पितळेवर आकडा दिसला. एकशे एक.

मी टाळ्या वाजवल्या. नानांनी मात्र बॉनेट उचललं आणि इंजिनावरच्या उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. अक्षरं परदेशी होती. "देख," ते मला म्हणाले, "तुना सासरा सांगस ते याना पुरतं खरं शे. यामा आपली फक्त पट्टी." मग इंजिनावर एक थाप मारून म्हणाले, "पन आठेच, यानावरच शिकनूत आम्ही."

ट्रॅक्टर धुळ्याला न्यायचं म्हटल्यावर भिकुबाई म्हणाल्या, तो एकटा कुठं जात नाही, मीही येणार. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस ठरला. आखाजीला खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी जाते, झोके घेते, आंब्याचा रस खाते. त्या वर्षी उलट व्हावं अशी माझी इच्छा होती. लेक घरी थांबेल आणि बाप येईल.

आता शेवटचा. मी नानांना विचारलं, तिथं काय जेवलात?

"काहीच नही," ते म्हणाले.

कारखान्याला कुलूप लागायच्या आदल्या दिवशी ते शेवटचा नंदी घेऊन शिरपूरच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याला गेले होते. एवढंच आठवत होतं. घास उतरणार नाही म्हणून चावी देऊन, न जेवता, आल्या ट्रकनं परत फिरले. जेवण नाही, म्हणून गाव नाही, माणूसही नाही. आयुष्यातला सगळ्यात चांगला ट्रॅक्टर त्यांनी कुणाला दिला ते त्यांनाच सांगता येत नव्हतं.

मी आठ दिवस यावर डोकं खाजवलं. मशीनवर ब्लाऊज शिवताना एकदम सुचलं. नानांना ते घर आठवत नसेल, पण त्या घराला नाना आठवत असतील. दारातून न जेवता गेलेला पाहुणा कोणती बाई विसरेल?

होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्याचे बाजार भरतात. ढोल, बासऱ्या, गूळ-फुटाणे, आणि पावरा आदिवासींचे पाडेच्या पाडे नटून आलेले. मी आमच्या ह्यांना घेऊन गेले. आमचे हे बँकेत असतात आणि गर्दीत माझ्यामागं राहतात. मी बायकांना विचारत सुटले, "ट्रॅक्टर द्यायला आलेला फोरमन कुणाच्या घरून न जेवता गेला होता?" दोन बाजारांत मला लोकांनी वेड्यात काढलं. तिसऱ्या बाजारात चांदीचा वजनदार साज घातलेली एक पोरगी हसत म्हणाली, "भुरीबाईना घरथून. ती आजून बठ्ठासले सांगस."

गाव कळलं. मी उड्या मारत घरी आले आणि नानांना निरोप धाडला. तर नानांचे गुडघे दुखायला लागले. मग जळगावला पाहुणे आले. मग ऊन फार झालं. असे दोन महिने गेले. शेवटी आखाजीच्या आदल्या दिवशी मी जळगावला जाऊन त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. "नाना, तुम्हाला त्या बाईला तोंड दाखवायची लाज वाटतेय," मी म्हटलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

भुरीबाईंचा मुलगा दिलवरसिंग नंदी घेऊन शेतातून येतच होता. नानांनी आवाज दुरून ओळखला आणि चालता चालता थांबले. भुरीबाई अंगणात होत्या. त्यांनी नानांकडे पाहिलं. आपल्या माणसांशी त्या पावरी बोलायच्या, आमच्याशी अहिराणी.

"तू तोच ना? भाकर तवावर व्हती अन् चालना गया तो?"

"हो माय," नाना म्हणाले.

"अकरा वरीस झायात. मना पोऱ्या सांगस, ट्रॅक्टर चांगला शे. मी सांगस, चांगला व्हता ते बनवनारा आपला घर जेवाविना का बरं गया? काहीतरी खोट व्हई." त्यांनी ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं. "मी यावर एक दिन बठनी नही."

नाना कळवळून म्हणाले, "माय, यामा एक खोट नही. कारखाना बंद पडना व्हता. घास उतरता नही. तुम्हना काही दोष नव्हता."

"ते तू सांगं का? तुना राग, तुनं दुःख, तुले माहीत. तू दारथून निंघी गया. दारमागला मानूस आपलीच चूक शोधत ऱ्हास."

 नाना माझ्याकडे वळले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. चार वर्षं मी हेच करत होते. घर लहान म्हणून येत नाहीत का, माझ्या हाताला चव नाही का, मी आबांना तेव्हाच उलट बोलायला हवं होतं का. चूक सासऱ्यांची, हट्ट वडिलांचा, आणि शोधत बसले होते मी.

नानांनी हात धुतले आणि भुरीबाईंच्या चुलीपाशी बसले. ज्वारीच्या दोन भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली, भुरीबाईंनी आग्रह केला तेव्हा तिसरीही. हात पुसत मला म्हणाले, "सकाळे पहिली गाडी कितली वाजता शे? तुना घर जेवाले येस मी. ट्रॅक्टर ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ कशाले?" दिलवरसिंग म्हणाला. "माले बी धुळं देखनं शे."

पहाटे आम्ही निघालो. ट्रॉलीत मी, नाना, आणि गोधडीवर ऐसपैस बसलेल्या भुरीबाई. नंदी ठणठणीत चालला. शिरपूर ओलांडलं तेव्हा भुरीबाई म्हणाल्या, "चांगला शे," आणि पुढं धुळ्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला हात करत होत्या.

गल्लीत वळलो तर माझ्या दारात एकशे एक आधीच उभा होता आणि भोवती निम्मी गल्ली जमलेली. बॉनेट उघडं होतं. आबा चष्मा लावून इंजिनावरची परदेशी अक्षरं शेजाऱ्यांना वाचून दाखवत होते, वर्गात नकाशा दाखवायचे तसे. नानांना पाहताच म्हणाले, "या व्याही. मी काय म्हणत होतो?"

सगळी गल्ली आता नानांकडे पाहत होती. 

नाना खाली उतरले. "तुमनं खरं शे याही," ते म्हणाले. "यामा आमची पट्टी तेवढीच." आणि चपला काढून, शेवटच्या नंदीकडे वळूनही न पाहता, उंबरा ओलांडून माझ्या घरात आले. "मंजू, पान वाढ."

भिकुबाईंनी सकाळपासून माझ्या चुलीचा ताबा घेतला होता. मी त्यांना बाजूला केलं. हे पान मलाच वाढायचं होतं. पुरणपोळी, आमरस, कुरडई. नाना मांडी घालून बसले, त्यांच्या मांडीला मांडी लावून माझी मुलगी बसली, आणि त्यांनी पहिला घास घेतला. माझ्या घरात, माझ्या हातचा.

आबांची जागा रिकामी. आमच्या ह्यांना बोलवायला पाठवलं तर परत येऊन म्हणाले, "आबा दुसऱ्या ट्रॅक्टरखाली शिरलेत. धोतराची वाट लागलीय." दुसऱ्यांदा पाठवलं, तरी आले नाहीत. चार वर्षं एक म्हातारा घरात येत नव्हता, तो आला तर दुसरा बाहेर जाऊन बसला. कपाळाला हात लावायचा तेवढा मी बाकी ठेवला होता.

अखेर आबा आले. कोपरापर्यंत काळे झालेले. नानांच्या शेजारी जमिनीवरच बसले.

"इंजिनावर 'जळगाव' लिहिलंय," ते म्हणाले. "मराठीत. ओतलेली अक्षरं."

"हं," नाना म्हणाले.

"गिअरपेटीवर पण. मागच्या ॲक्सलवर पण."

"लाकडाना साचा मीच कोरेल व्हतात."

आबा आपल्या काळ्या तळहातांकडे पाहत राहिले. "चौसष्ट साली प्रदर्शनात मी पहिला पाहिला होता, बॉनेट उचलून. तेवढ्यावर मी इतकी वर्षं बोलत राहिलो. नंतर एकदाही उचलून पाहिलं नाही. चुकलो."

नानांनी तोंडातला घास संपवला. "मी बी तेच करं ना याही. तुम्हले एकदाव पंगतमा देखं, अन् चार वरीस तेवढावरच ऱ्हायनू."

आबांनी हात धुतले. मी त्यांचं पान नानांच्या पानाशेजारी मांडलं, दोघांना रस वाढला आणि आत आले. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून मी मनसोक्त रडून घेतलं. भिकुबाई आणि भुरीबाई दोघींनी मला मधे घेतलं.

बाहेरून दोघा व्याह्यांनी एकदमच हाक मारली, "मंजू, पोळी आण."

"येते," मी म्हटलं, आणि पदर तोंडाला लावून तिथंच उभी राहिले. मी चार वर्षं थांबले होते, त्यांना दोन मिनिटं थांबायला काही हरकत नव्हती.